वाचकांचे प्रश्न : हे बल लावते कोण?

मागील अंकात याच सदरात भौतिकशास्त्रातील पायाभूत संकल्पनांवर एक छोटी प्रश्नावली दिली होती. सूत्रे आणि आकडेमोड बाजूला ठेवून, रोजच्या पाहण्यातील घटनांच्या आधारे बल, गती, वजन, उष्णता आणि वीज यांविषयीची आपली समज वाचकांना स्वतःच तपासता यावी, हा तिचा हेतू होता. ठाणे शहर, कळवा, दिवा, तसेच खाडीपलीकडील ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ येथून उत्तरे आली. विशेष समाधानाची बाब अशी की, पुष्कळ वाचकांनी पर्यायावर खूण करून न थांबता आपले कारणही लिहिले आणि काहींनी उत्तरसूचीवर मोकळेपणाने आक्षेप घेतले. कारण लिहिले की समज कोठे अडली आहे ते नेमके दिसते, म्हणून अशाच पत्रांना येथे अग्रक्रम दिला आहे.

प्रश्न : सरळ वर फेकलेला चेंडू हातातून सुटून वर जात असताना त्याच्यावर कोणकोणती बले कार्य करतात, असे आपण विचारले होते. हाताने दिलेले वरच्या दिशेचे बल आणि खालच्या दिशेचे गुरुत्वाकर्षण, अशी दोन बले मी लिहिली. हाताचे बल हळूहळू संपत जाते, सर्वोच्च बिंदूपाशी दोन्ही बले समान होतात म्हणून चेंडू क्षणभर थांबतो आणि त्यानंतर गुरुत्वाकर्षण वरचढ ठरून तो खाली येतो. यात चूक काय आहे? (महाविद्यालयीन विद्यार्थी, ठाणे पूर्व)

उत्तर : आपली मांडणी सुसंगत आहे आणि सर्वाधिक वाचकांनी हेच उत्तर दिले आहे, म्हणून त्याचा विचार थोडा विस्ताराने करणे योग्य ठरेल. हवेचा किरकोळ विरोध सोडला, तर हातातून सुटल्यापासून पुन्हा हातात येईपर्यंत चेंडूवर एकच बल असते. ते पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचे, आणि ते संपूर्ण प्रवासात तेवढेच व खालच्याच दिशेने असते. हाताचे बल हळूहळू संपत नाही. ते बोटांचा स्पर्श सुटताक्षणीच संपलेले असते. बल म्हणजे एका वस्तूने दुसऱ्या वस्तूवर त्या त्या क्षणी केलेली क्रिया होय, त्यामुळे ते कोणत्याही वस्तूच्या आत भरून ठेवता येत नाही. चेंडू हात सोडतो तेव्हा त्याच्याजवळ असतो तो वेग, आणि आपण जे हळूहळू संपताना पाहतो तेही हा वेगच.

आकड्यांत पाहू. चेंडू सेकंदाला ९.८ मीटर या वेगाने वर सुटला, तर एका सेकंदात त्याचा वेग शून्यावर येतो, तोवर तो ४.९ मीटर वर गेलेला असतो, आणि पुढच्या सेकंदाच्या शेवटी तो तितक्याच वेगाने खाली येऊन हातात पडतो. वेगातील हा बदल पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत एकाच दराने, म्हणजे दर सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंद एवढाच होत राहतो आणि सर्वोच्च बिंदूपाशीही त्यात खंड पडत नाही. त्या बिंदूला वेग शून्य असतो, परंतु बल शून्य नसते. तेथे खरोखरच दोन बले समसमान झाली असती, तर वेगही शून्य आणि एकूण बलही शून्य अशी स्थिती आली असती. मग खाली येण्यास काहीच कारण न उरल्यामुळे चेंडू हवेत तेथेच लटकून राहिला असता. तसे होत नाही, हाच आपल्या उत्तराविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा आहे.

आपण एकटेच असा विचार करीत आहात, असे मात्र मुळीच समजू नये. फेकलेल्या वस्तूत फेकणाऱ्याकडून काहीतरी जोर भरला जातो आणि तो तिला पुढे नेत राहतो, ही कल्पना सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसने मांडली होती. चौदाव्या शतकात पॅरिसच्या बुरिदानने तिला पद्धतशीर रूप दिले आणि तरुण गॅलिलिओनेही वर फेकलेल्या वस्तूचे स्पष्टीकरण जवळपास आपल्यासारखेच दिले होते. एकसारखा वेग टिकवण्यासाठी बल लागत नाही, बल लागते ते वेग बदलण्यासाठी, हे विधान न्यूटनच्या १६८७ च्या ग्रंथात पहिला नियम म्हणून आले, तेव्हा त्यामागे अनेक शतकांचा वाद होता. जी गोष्ट समजायला मानवजातीला एवढा काळ लागला, ती नववीच्या पुस्तकातील एका चौकटीतून एका तासिकेत पचेल, अशी अपेक्षा आपण मुलांकडून करतो, ही मला अन्यायाची वाटते.

प्रश्न : मी रोज ठाणे-वाशी लोकलने प्रवास करतो. गाडी ऐरोलीला थांबू लागली की उभे प्रवासी पुढे झुकतात. मी 'जडत्वाचे बल पुढे ढकलते' हा पर्याय निवडला होता. उत्तरसूचीत मात्र 'पुढे ढकलणारे कोणतेही बल नाही' असे आहे. मग आम्हाला पुढे लोटते तरी कोण? (नोकरदार वाचक, ऐरोली)

उत्तर : कोणीही नाही. फलाटावर उभे राहून याच घटनेकडे पाहिल्यास गुंता सुटतो. ब्रेक लागल्यावर रुळांचे घर्षण चाकांना, पर्यायाने गाडीला मागच्या दिशेने अडवते. डब्याची जमीन आपल्या पायांना मागच्या दिशेने अडवते. कमरेच्या वरच्या भागाला अडवणारे मात्र लगेच काही नसल्यामुळे तो आधीच्याच वेगाने पुढे जात राहतो. ज्याला आपण पुढे ढकलले जाणे म्हणतो, तो पाय मागे राहिल्याचा परिणाम असतो, आणि वरची कडी पकडताच तीही आपल्याला मागच्या दिशेनेच ओढते. या सगळ्या हिशेबात पुढच्या दिशेचे एकही बल येत नाही. जडत्व हा वस्तूचा गुणधर्म आहे; वेगातील बदलाला वस्तू किती विरोध करते, याचे ते नाव आहे. गाडीत बसूनच गणित मांडायचे असेल, तर अभियंते सोयीसाठी एक आभासी बल धरतात आणि ते योग्यही आहे, परंतु ते लावणारी कोणतीही वस्तू दाखवता येत नाही, हे त्यांना ठाऊक असते.

याच पत्रात आपण आणखी एक चांगली शंका विचारली आहे की, धावत्या गाडीत वर उडवलेले नाणे मागे का पडत नाही. गाडी एकसारख्या वेगाने सरळ जात असेल, तर नाण्याजवळ सुटताना गाडीचा वेग असतोच आणि तो काढून घेणारे काही नसते, म्हणून ते हातातच परत येते. गॅलिलिओने १६३२ साली जहाजाच्या बंद खोलीचे उदाहरण देऊन हेच दाखवले, आणि पृथ्वी फिरत असेल तर पक्षी व ढग मागे का राहत नाहीत, या त्या काळच्या मोठ्या आक्षेपाला त्यातूनच उत्तर मिळाले. ठाण्याच्या अक्षांशावर आपण सारे, खाडी आणि येऊरच्या डोंगरासह, पृथ्वीच्या परिवलनामुळे ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे चाललेलो आहोत. वेग जवळजवळ एकसारखा असल्यामुळे त्याची जाणीव होत नाही.

प्रश्न : उरण फाट्याकडून येणारा, बंदरातील कंटेनरने लादलेला ट्रेलर आणि एक छोटी मोटार यांची टक्कर झाली, तर कोणाचे बल अधिक, या प्रश्नाचे उत्तर 'दोन्ही बले समान' असे आपण दिले आहे. मोटारीचा चक्काचूर होतो आणि ट्रेलरला ओरखडाही पडत नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहतो. हे उत्तर मला पटत नाही. (निवृत्त वाचक, नेरूळ)

उत्तर : आपण पाहता ते खरे आहे आणि उत्तरसूचीही बरोबर आहे, कारण डोळ्यांना बल दिसत नाही, त्याचा परिणाम दिसतो. समजा, ट्रेलरचे वस्तुमान ३० टन आणि मोटारीचे १ टन आहे. टक्कर चालू असताना प्रत्येक क्षणी ट्रेलर मोटारीवर जेवढे बल लावतो, तेवढेच मोटार ट्रेलरवर उलट दिशेने लावते. पण तेवढ्याच बलाने ३० पट वस्तुमानाच्या वाहनाचा वेग मोटारीच्या मानाने एक तीसांशानेच बदलतो. मोटारीचा वेग ताशी ६० किलोमीटरने बदलला, तर ट्रेलरचा ताशी अवघ्या २ किलोमीटरने बदलेल. ट्रेलरच्या चालकाला हलकासा हिसका बसतो, तर मोटारीतील माणसांच्या शरीराला तो प्रचंड बदल काही क्षणांत सोसावा लागतो. त्यातच मोटारीचा पत्रा ट्रेलरच्या सांगाड्याइतका भक्कम नसतो. बल समान असूनही जीव कोणाचा धोक्यात असतो हे यावरून कळते आणि सीटबेल्टचे महत्त्वही येथेच आहे, कारण तो पट्टा वेगातील तोच बदल अधिक वेळात आणि शरीराच्या अधिक भागांवर विभागून घडवून आणतो.

कोपरखैरण्याच्या एका विद्यार्थिनीने याच नियमाबद्दल विचारले आहे की, क्रिया आणि प्रतिक्रिया समान व विरुद्ध असतील तर त्या एकमेकींना रद्द करतील, मग जगात काहीही हलेलच कसे. शंका फार मोलाची आहे. ही दोन बले कधीही एकाच वस्तूवर नसतात, म्हणून ती परस्परांना रद्द करू शकत नाहीत. चालताना आपला पाय जमिनीला मागे ढकलतो आणि जमीन पायाला पुढे ढकलते. पहिले बल जमिनीवर आहे, दुसरे आपल्यावर, आणि आपण पुढे जातो ते दुसऱ्यामुळे. पावसाळ्यात फलाटावरील ओल्या फरशीवर पाय घसरतो, तेव्हा घर्षण कमी झाल्यामुळे पाय जमिनीला मागे ढकलू शकत नाही, म्हणून जमीनही आपल्याला पुढे ढकलू शकत नाही. जोडी ओळखण्याची खात्रीची कसोटी अशी : 'अ ने ब वर' लावलेल्या बलाची जोडी नेहमी 'ब ने अ वर' अशीच असते. टेबलावर ठेवलेल्या पुस्तकाचे वजन आणि टेबलाने त्याला दिलेला आधार ही जोडी पुष्कळ मार्गदर्शकांतही क्रिया-प्रतिक्रिया म्हणून दिलेली आढळते, ती या कसोटीवर टिकत नाही, कारण ती दोन्ही बले पुस्तकावरच आहेत. पुस्तकाच्या वजनाची खरी जोडी म्हणजे पुस्तकाने पृथ्वीला वर ओढणे होय.

प्रश्न : माझ्या मुलीला शाळेत विज्ञानात उत्तम गुण मिळतात. न्यूटनचे तिन्ही नियम तिला तोंडपाठ आहेत आणि उदाहरणेही ती अचूक सोडवते. तरीही आपल्या प्रश्नावलीतील बल आणि गतीचे बहुतेक प्रश्न तिचे चुकले. प्रश्नच फसवे होते, असे म्हणावे का? (पालक, वाशी)

उत्तर : प्रश्न फसवे नव्हते आणि आपली मुलगी अभ्यासात कमी पडली, असेही नाही. हा अनुभव जगभरचा आहे. १९९२ साली अमेरिकेतील डेव्हिड हेस्टेनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ बलाविषयीची समज तपासणारी एक बहुपर्यायी चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात आकडेमोड नाही. चुकीचे पर्याय मात्र विद्यार्थ्यांच्या खऱ्याखुऱ्या समजुतींतून घेतलेले आहेत. अवघड गणिते सोडवणारे विद्यापीठीय विद्यार्थीही तिच्यात मोठ्या संख्येने चुकतात, असे अनेक ठिकाणी आढळले. हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझूर यांनी अशीच एक चाचणी आपल्या वर्गाला दिली, तेव्हा एका विद्यार्थिनीने त्यांना विचारले की, उत्तरे आपण शिकवले तशी लिहायची की मी स्वतः या गोष्टींचा विचार करते तशी. या एका प्रश्नाने माझूर यांना आपली शिकवण्याची पद्धत बदलावीशी वाटली आणि ते व्याख्यान थांबवून विद्यार्थ्यांना आपापसांत चर्चा करायला लावू लागले.

मुलांच्या मनात दोन कप्पे तयार होतात. एकात परीक्षेचे विज्ञान असते आणि दुसऱ्यात सायकल, चेंडू आणि झोपाळ्यावर अनुभवातून जमलेली समजूत असते. सायकलचे पायडल मारणे थांबवले की सायकल थांबते, हा अनुभव रोजचा असल्यामुळे गतीसाठी सतत बल हवे, हे मनावर खोल ठसते आणि घर्षण नावाचे उलट दिशेचे बल नजरेआड राहते. त्यामुळे नियम पुन्हा पाठ करून घेण्याने काहीही साधणार नाही. मुलीला एखादे चित्र द्यावे, वस्तूवरील प्रत्येक बल बाणाने दाखवायला सांगावे आणि प्रत्येक बाणाशेजारी ते बल कोणती वस्तू लावते तिचे नाव लिहायला लावावे. ज्या बाणाला नाव मिळत नाही तो पुसून टाकायचा. वर जाणाऱ्या चेंडूवरील 'हाताचे बल' आणि लोकलमधील 'जडत्वाचे बल' हे दोन्ही बाण या एका अटीने आपोआप गळून पडतात. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेसाठी आपण पुस्तके सुचवण्यास सांगितले आहे. मी सध्या तरी पुस्तकाऐवजी हाच सराव सुचवीन.

प्रश्न : अंतराळस्थानकात अंतराळवीर तरंगतात, कारण तेथे गुरुत्वाकर्षण नसते, हे मी आठवीपासून शिकत आलो आहे. उत्तरसूचीत हे चूक का ठरवले? (अकरावीचा विद्यार्थी, कळवा)

उत्तर : आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आहे. ठाण्याहून पणजी सरळ रेषेत जेवढी दूर आहे, जवळपास तेवढीच ही उंची. पृथ्वीच्या केंद्रापासून आपण मुळातच ६,३७१ किलोमीटर दूर असतो, त्यात ४०० ची भर पडल्याने गुरुत्वाकर्षण फार कमी होत नाही. तेथे ते जमिनीवरच्या सुमारे ८८ टक्के असते. गुरुत्वाकर्षण नसते, तर स्थानक पृथ्वीभोवती फिरलेच नसते, सरळ रेषेत निघून गेले असते. स्थानक सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर या वेगाने आडवे जात असतानाच सतत पृथ्वीकडे पडत असते. एका सेकंदात ते साधारण ४.३ मीटर खाली येते, परंतु तेवढ्या अंतरात त्याची वर्तुळाकार कक्षाही सरळ रेषेपासून नेमकी तेवढीच वळलेली असते, म्हणून पडत राहूनही ते जमिनीपाशी पोहोचत नाही आणि सुमारे दीड तासात एक फेरी पूर्ण करते. स्थानक, अंतराळवीर आणि त्याच्या पायाखालचा वजनकाटा हे तिघेही एकाच त्वरणाने, म्हणजे वेग वाढण्याच्या एकाच दराने, पडत असल्यामुळे काट्यावर भार येत नाही. राकेश शर्मा यांनी १९८४ मध्ये आणि शुभांशु शुक्ला यांनी २०२५ मध्ये अनुभवली ती वजनरहित स्थिती अशी सततच्या पडण्याची होती. वस्तुमान मात्र तेथेही कायम असते. तरंगती अवजड पेटी हलवायला तेथेही जोर लावावा लागतो आणि हलू लागल्यावर थांबवायलाही.

जड वस्तू आधी पडते की नाही, या प्रश्नावर बहुतेकांचे उत्तर बरोबर आले, त्यामुळे त्याविषयी थोडक्यात लिहितो. पीस हळू पडते ते हवेच्या विरोधामुळे. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ चे डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून बहिरी ससाण्याचे पीस एकाच वेळी सोडले. तेथे हवा नाही, आणि दोन्ही एकदमच खाली पोहोचली.

प्रश्न : बंद खोलीत पंखा लावल्यावर खोलीचे तापमान किंचित वाढते, हे उत्तर वाचून घरात सर्वांनाच आश्चर्य वाटले. मग पंख्याखाली गार का वाटते? शिवाय, नागपूरच्या बहिणीकडे कूलर उत्तम चालतो, तोच ठाण्यात आणल्यावर निरुपयोगी ठरला, याचा याच्याशी काही संबंध आहे काय? (गृहिणी, नौपाडा)

उत्तर : संबंध अगदी थेट आहे. साधारण ७५ वॅटचा पंखा दर सेकंदाला ७५ जूल विद्युत ऊर्जा घेतो, त्यातील काही मोटारीत उष्णता होते आणि काही हवेला गती देते. हवेची गतीही भिंतींवर व हवेच्या आतील घर्षणात विरून शेवटी उष्णताच होते. बंद खोलीतून ती बाहेर जात नसेल, तर तापमान थोडे चढणारच. तापमापक पंख्याखाली धरला तर तो उतरत नाही, कारण तापमापकाला घाम येत नाही. आपल्याला गारवा मिळतो तो घामाच्या बाष्पीभवनातून. एक ग्रॅम घाम त्वचेवरून उडून जाताना सुमारे २,४०० जूल उष्णता शरीरातून नेतो, आणि पंखा त्वचेलगतची दमट हवा हटवून कोरडी हवा आणतो, त्यामुळे बाष्पीभवन वेगाने होते. नुसता गळून पडणारा घाम ही उष्णता नेत नाही.

मे महिन्यात नागपूरचे तापमान ठाण्यापेक्षा पुष्कळ जास्त असते, पण तेथील हवा कोरडी असते, म्हणून कूलरच्या ओल्या जाळीतून जाताना पाणी भराभर उडते आणि हवा थंड होते. ठाण्याला आणि नवी मुंबईला समुद्र व खाडी जवळ असल्यामुळे हवेत आधीच भरपूर बाष्प असते. तीत आणखी पाणी फारसे उडू शकत नाही, उलट कूलर खोलीतील दमटपणा वाढवतो आणि अंगाचा घामही वाळेनासा होतो. बिघाड कूलरमध्ये नाही. एक सावधगिरीची गोष्ट येथेच सांगतो. हवा त्वचेपेक्षा बरीच तप्त असेल, तर पंखा ती उष्णता शरीराला अधिक वेगाने देतो, म्हणून तीव्र उष्णतेच्या लाटेत वृद्धांनी आणि आजाऱ्यांनी केवळ पंख्यावर विसंबू नये, अंग ओल्या फडक्याने पुसत राहावे.

प्रश्न : लोकलच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात, तरी तिच्यावर बसलेल्या कावळ्याला काही होत नाही. म्हणजे पक्ष्यांच्या शरीरातून वीज वाहत नाही का? (वाचक, दिवा)

उत्तर : वाहू शकते. विद्युतधारा वाहण्यासाठी दोन बिंदूंमध्ये विभवांतर, म्हणजे विजेच्या दाबातील (व्होल्टमधील) फरक, असावा लागतो. कावळ्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर, काही सेंटिमीटर अंतरावर असतात आणि त्या दोन जागांमधील विभवांतर नगण्य असते, म्हणून त्याच्या शरीरातून उल्लेखनीय धारा जात नाही. त्याच कावळ्याचा पंख जमिनीशी जोडलेल्या खांबाला लागला, तर तो तत्क्षणी मरतो. माणूस जमिनीशी, डब्याशी किंवा पुलाशी जोडलेला असतो, म्हणून त्याच्यासाठी तार आणि जमीन यांतील पूर्ण २५,००० व्होल्ट उपलब्ध असतात. १९२५ साली व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही देशातील पहिली विजेची गाडी धावली, तेव्हा तारेत १,५०० व्होल्ट होते. आज त्याच्या जवळपास १७ पट आहेत. इतक्या दाबाला प्रत्यक्ष स्पर्श होण्याचीही गरज नसते, पुरेसे जवळ गेल्यास हवेतूनही ठिणगी झेपावते. पुलावरून काठी, ओला दोरा किंवा पतंगाचा मांजा तारेकडे नेणे आणि डब्याच्या टपावर चढणे हे जीवघेणे आहे. ही माहिती घरातील मुलांना आजच सांगावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

उरलेल्या प्रश्नांचा खुलासा एकत्रच करतो. प्रकाशवर्ष हे अंतराचे माप आहे, सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की ती किती किलोमीटरवर कोसळली ते कळते. पाणी उकळू लागल्यावर गॅस मोठा केल्याने त्याचे तापमान वाढत नाही, फक्त वाफ जास्त होते. उन्हाळा पृथ्वी सूर्याजवळ गेल्याने येत नाही. ती सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आणि ऋतू होतात तिचा अक्ष सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे.

प्रश्न : आमचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या खाडीवर मासेमारी करणारे. चंद्राच्या ओढीने भरती येते, हे मान्य. पण चंद्र दिवसातून एकदाच डोक्यावर येतो, मग भरती दोनदा कशी? आणि सूर्य एवढा प्रचंड असूनही भरतीवर चंद्राचाच अंमल का? (वाचक, ठाणे पूर्व)

उत्तर : संपूर्ण टपालातील हा सर्वांत सखोल प्रश्न आहे. भरती चंद्राच्या ओढीमुळे येते, असे आपण म्हणतो, पण नेमके सांगायचे तर ती ओढीतील फरकामुळे येते. चंद्राकडील बाजूचे पाणी चंद्राला अधिक जवळ असल्याने पृथ्वीच्या केंद्रापेक्षा जास्त ओढले जाते, आणि पलीकडच्या बाजूचे पाणी दूर असल्याने केंद्रापेक्षा कमी ओढले जाते. पृथ्वी संपूर्णपणे चंद्राकडे जेवढी ओढली जाते, त्याच्या तुलनेत जवळचे पाणी पुढे जाऊ पाहते आणि पलीकडचे पाणी मागे राहू पाहते. म्हणून समुद्राला दोन्ही बाजूंना फुगवटा येतो आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरताना आपला किनारा दोन्ही फुगवट्यांतून जातो. दरम्यान चंद्रही थोडा पुढे सरकलेला असल्यामुळे हे चक्र २४ तासांऐवजी सुमारे २४ तास ५० मिनिटांत पूर्ण होते आणि दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटे जातात. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा आपल्या किनाऱ्यावरचा ठोकताळा याच पन्नास मिनिटांच्या जवळ जातो, कारण त्यात प्रत्येक तिथीला पाऊण तासाची भर धरलेली असते.

आता सूर्याविषयी. सूर्य पृथ्वीला चंद्राच्या सुमारे १८० पट बलाने ओढतो. परंतु तो चंद्रापेक्षा जवळपास ३९० पट दूर आहे, आणि एवढ्या अंतरावरून पृथ्वीची अलीकडची व पलीकडची बाजू यांतील फरक त्याच्या दृष्टीने फारच थोडा ठरतो. ओढ अंतराच्या वर्गाने कमी होते, तर ओढीतील हा फरक अंतराच्या घनाने कमी होतो, त्यामुळे सूर्याचा भरती आणणारा परिणाम चंद्राच्या निम्म्याहूनही किंचित कमी भरतो. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र व पृथ्वी जवळजवळ एका रेषेत येऊन दोन्ही परिणामांची बेरीज होते, तेव्हा उधाण येते. अष्टमीच्या सुमारास ते काटकोनात असल्याने भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती येते. ठाण्याच्या खाडीत प्रत्यक्ष पाणी किती चढेल आणि केव्हा, हे खाडीची रुंदी, खोली आणि गाळ यांवरही अवलंबून असते, म्हणून खाडीच्या मुखाशी आणि ऐरोलीपाशी भरतीची वेळ तंतोतंत एक नसते, हे आपल्यासारख्या जाणत्यांना मी सांगण्याची आवश्यकता नाही.

पुढील अंकासाठी एकच प्रश्न देत आहे. मासुंदा तलावात एका होडीत एक मनुष्य बसला असून होडीत त्याच्याजवळ एक मोठा दगड आहे. तो दगड उचलून तलावात सोडतो आणि दगड तळाशी जातो. तलावाची पाण्याची पातळी वाढेल, कमी होईल की तेवढीच राहील? उत्तर एका शब्दात पाठवू नये. दगड होडीत असताना त्याच्यामुळे किती पाणी बाजूला सारले जात होते आणि तळाशी गेल्यावर किती सारले जाते, याची तुलना करून कारण लिहावे. पत्रे महिनाअखेरीपर्यंत पोहोचावीत.